पहिल्या बाटलीतल्या गोळ्या

"पहिल्या बाटलीत औषध नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "दुधाची साखर, मक्याचं पीठ आणि वरून रंगाचा लेप. बाकी काही नाही."

सोळा वर्षं मी नाहूरच्या एका औषध कंपनीत गोळ्या तपासते. पट्ट्यावरून गोळ्या सरकत येतात आणि आम्ही बायका दोन्ही बाजूंना बसून वाईट तेवढी उचलतो. कड उडालेली, डाग पडलेली, दुसरीला चिकटलेली. रत्नप्रभेच्या नजरेतून खराब गोळी सुटली असं आजवर एकही सुपरवायझर म्हणालेला नाही. आणि त्याच रत्नप्रभेने पोटच्या पोरीला सहा आठवडे पीठ भरवलं. दोन्ही बाटल्या मिळाल्या त्या त्या दिवशी मी गोळ्या तळहातावर घेऊन पाहिल्या होत्या. एकाच साच्यातल्या, तेवढ्याच जाड, तशीच चमक. चोख माल आहे, असं मी मनात म्हटलंही होतं.

"सुरुवातीला सांगितलं होतं ना मी?" डॉक्टर म्हणाले. "दोन बाटल्या, दोन्हींत वेगळं, कशात काय ते मलाही माहीत नाही म्हणून?"

सांगितलं होतं, खोटं कशाला बोलू. पण वेगळं म्हणजे एक कडक आणि एक सौम्य, असं मी समजले. औषधाच्या बाटलीत औषधच नसेल हे माझ्या डोक्यात यावं तरी कसं? आमच्याकडे गोळीत पावडर जराशी कमी पडली तरी सबंध लॉट अडवून ठेवतात.

माझ्या शेजारी माणिकचे बाबा बसले होते. तोंडाने मी त्यांचं नाव घेत नाही, पण लिहायचं तर दशरथच लिहिते. ते डॉक्टरांकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. माणिक कोपऱ्यात वजनकाट्याशेजारी जमिनीवर बसली होती. हात मांडीवर, नजर फरशीवर. नऊ वर्षांची पोर आणि अर्धा तास झाला तरी जागची हललेली नाही.

आता हे नीट सुरुवातीपासून सांगायला हवं.

आम्ही भांडुपला टेंभीपाड्यात राहतो. दशरथ आधी गिरणीत होते. संप झाला, गिरणी गेली, आणि आता ते मुलुंडच्या एका कारखान्यावर रात्रीचे वॉचमन आहेत. मी सकाळी सातच्या पाळीला जाते आणि दुपारी तीनला सुटते. ते साडेसातला घरी येतात. मधला पाऊणएक तास आमची शेजारीण शकुवहिनी माणिककडे बघते. पुढे दिवसभर माणिक आणि तिचे बाबा. ते झोपतात आणि ती घरात असते, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

माणिक बोलत नाही. कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. ताटावरची झाकणं जमिनीवर भोवऱ्यासारखी फिरवायची आणि त्यांच्याकडे टक लावून बसायचं, हा तिचा दिवस. कुकरची शिट्टी झाली, शेजारच्या रेडिओचा आवाज चढला की ती ओरडते, आणि ते रडणं नसतं. ऐकणाऱ्याचे दात शिवशिवतात असा तो आवाज. मग स्वतःचा डावा हात मनगटाच्या वर चावते, रक्त येईपर्यंत. गावच्या देवीला गाऱ्हाणं घातलं, कणकवलीहून भगत आणला, काळा दोरा बांधला. चाळीत तिला येडी म्हणतात, म्हणजे आमच्यासमोर म्हणत नाहीत एवढंच.

मुलुंडच्या एका धर्मादाय दवाखान्यात शनिवारी हे डॉक्टर येतात असं शकुवहिनीने सांगितलं. तरुण माणूस, केस विस्कटलेले, पण पोरीशी बोलायला तो जमिनीवर बसला. तासभर तिला बघून म्हणाला, याला ऑटिझम म्हणतात. मला रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं. हसू नका. माझी सोळा वर्षांची श्रद्धा अशी की ज्या दुखण्याला इंग्रजी नाव आहे त्याला गोळी आहे. नाव नाही तोवर भगत, नाव सापडलं की गोळी. मी स्वतः रोज खोक्यांची खोकी भरून पाठवते, मला कोण काय सांगणार.

डॉक्टर म्हणाले, "यावर अजून खात्रीचं औषध नाही. एक आहे, ते आम्ही बारा मुलांना देऊन बघतोय. तुमची इच्छा असेल तरच."

इच्छा काय विचारता, म्हटलं, द्या.

पहिली बाटली मिळाली आणि तिच्यासोबत तक्त्यांचा गठ्ठा. रोज संध्याकाळी सहा ते सात आईबापांनी मुलासमोर बसायचं. दुसरं काम करायचं नाही, नुसतं बघायचं आणि खुणा करायच्या. दहा रकाने होते. ओरडणं, हात चावणं, हात झटकणं, गोल फिरणं, वस्तू फिरवत बसणं, धावत सुटणं, असे. जितक्या वेळा होईल तितक्या रेघा. तळाशी 'इतर काही' म्हणून दोन ओळींची जागा. मला हे काम म्हणजे हातचा मळ. कंपनीत आमचा तक्ता असाच असतो, दोषांचा. चांगल्या गोळीची नोंद कोणी करत नाही, ती पट्ट्यावरून पुढे जाते आणि संपलं. तळाच्या जागेत आम्ही आडवी रेघ मारतो. मी इथेही तेच केलं.

तर आम्ही बसू लागलो. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण एका खोलीत दोघांनी काही न करता तासभर बसायची ती पहिलीच वेळ. माणिक झाकण फिरवायची आणि मी रेघ मारायची. पहिले दोन आठवडे असेच गेले. तिसऱ्यात मला इतका कंटाळा आला की मी पेन्सिल खाली ठेवली आणि हाताशी आलेलं एक झाकण फिरवलं. माझं धड फिरेना, वेडंवाकडं जाऊन आडवं पडलं. माणिक थांबली. माझ्या हाताकडे तिने पाहिलं. मग माझी बोटं धरून झाकणाच्या कडेला जिथे धरायला हवीत तिथे नेऊन ठेवली.

पोरीने मला हात लावला नव्हता असं नाही. काही हवं असलं की मनगट धरून ओढायची. पण हे ओढणं नव्हतं, ती मला शिकवत होती. मी दशरथांकडे बघितलं तर त्यांचा आ वासलेला.

चौथ्या आठवड्यात ती तीन झाकणं घेऊन यायला लागली. एक तिचं, एक माझं, एक बाबांचं. बाबांचं सगळ्यात जड, पातेल्यावरचं. एके दिवशी ते झाकण फिरत फिरत मोरीत गेलं आणि खणखणलं. माणिक हसली. तोंडावर हात ठेवून, मान मागे टाकून, सगळ्यांची मुलं हसतात तशी. आणि म्हणाली, "परत."

शब्द स्पष्ट होता. दशरथांनी ते झाकण त्या संध्याकाळी चाळीस वेळा मोरीत घातलं असेल. ड्युटीला उशीर झाला, मुकादमाची बोलणी खाल्ली. मी ती औषधाची बाटली उचलून देव्हाऱ्यात ठेवली आणि तिला उदबत्ती ओवाळली. दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर बसून सगळ्या बायकांना सांगितलं. माझ्याशेजारी बसणारी जानकी म्हणाली, "कुठल्या कंपनीचं गं? आपल्याकडे का नाही बनवत?" मी म्हटलं, अजून बाजारात यायचंय, पण आलं की जगात नाव होईल बघ.

ओरडणं आणि चावणं मात्र होतंच. मी तेही इमानाने लिहीत होते.

मग दुसरी बाटली सुरू झाली. दहाएक दिवसांत माणिक गप्प झाली. कुकरची शिट्टी झाली तरी नुसती मान वळवायची. चावणं थांबलं. मनगटावरची जखम, जी मी चार वर्षांत पूर्ण कोरडी झालेली पाहिली नव्हती, ती भरून आली आणि वर गुलाबी कातडं आलं. शकुवहिनी म्हणाली, "झकास झाली ना पोर. एवढी दिवसभर घरात असते, पण चाहूल नाही." विलेपार्ल्याला नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता. आम्ही असल्या कार्याला तिला कधीच नेत नाही, एकजण घरी राहतो. त्या दिवशी दशरथ म्हणाले, नेऊ या. चार तास ती भिंतीला टेकून बसली होती. लोकांनी येऊन तिच्या हातात पेढा ठेवला, तो तिथेच राहिला. परत येताना बसमध्ये दशरथ खिडकीकडे तोंड करून रडत होते. आनंदाने. मला माहीत होतं की आनंदाने, कारण मीही तशीच रडले होते, एका शब्दासाठी.

पण सहाच्या तासाला झाकणं तशीच राहायची. मी फिरवून दाखवायची, ती बघायची नाही. जेवण दोन घासांवर आलं. "परत" पुन्हा ऐकू आला नाही. मी मनाशी ठरवलं की ही दुसरी बाटली सौम्य असणार, गुण पहिल्या बाटलीचा होता आणि तो उतरत चाललाय. तक्त्यात मात्र लिहायला काही नव्हतं. शून्य, शून्य, शून्य. तळाशी आडवी रेघ.

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या शनिवारी गेले होते. बारा मुलांतली माणिक शेवटची, म्हणून डॉक्टरांनी आमच्यासमोर बंद पाकीट फोडलं आणि चिठ्ठी वाचली. पहिल्या बाटलीत पीठ.

"मग औषध दुसऱ्या बाटलीत?" दशरथांनी विचारलं.

"हो. आणि लागू पडलंय." डॉक्टरांच्या आवाजात आता जरा उत्साह आला. त्यांनी माझ्या तक्त्यांवरून काढलेला कागद पुढे सरकवला. "बघा, या बाराही घरांत तुमच्याइतके चोख तक्ते कोणाचे नाहीत, बाई. पहिल्या सहा आठवड्यांत लक्षणं वाढत गेलीत. चौथा-पाचवा आठवडा तर सगळ्यात वाईट. वस्तू फिरवणं दिवसाला पन्नासवर गेलंय. आणि इथून पुढे एकदम खाली, जवळजवळ शून्य."

मी त्या कागदाकडे बघत राहिले. चौथा-पाचवा आठवडा. मोरीत चाळीस वेळा गेलेलं झाकण. ती सगळी माझ्याच हातची रेघ, एकेक करून मारलेली. पोरगी हसली, बोलली, तिने आईबापाला खेळायला घेतलं, आणि मी ते 'वस्तू फिरवत बसणं' या रकान्यात दोष म्हणून भरलं. कोणी माझ्या तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं.

"डॉक्टर, ती तेव्हा बोलली होती," मी म्हटलं. "परत म्हणाली होती."

"कधी? तक्त्यात तर नाही."

"रकाना नव्हता."

"खाली जागा होती ना, बाई."

होती. मी तिथे रेघ मारली होती. मग मी सगळं सांगितलं, तुटक तुटक, झाकणं, बोटं, हसणं, आणि डॉक्टर पेन हातात धरून ऐकत राहिले. त्यांनी एकदा बाकीच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. अकरा मुलांचे तक्ते त्यात होते. त्यांनी वरचे तीन-चार उलटून तळाची जागा पाहिली. तिथेही आडवी रेघच होती. त्यांनी ते परत ठेवले.

मला एकच गोष्ट सुचत होती. पहिल्या बाटलीत पीठ होतं तर ते सहा आठवडे पोरीने जे केलं ते तिचं तिने केलं. गोळीने नाही, देवीने नाही. आम्ही समोर बसलो एवढंच झालं होतं. नऊ वर्षांत आम्ही कधी बसलोच नव्हतो.

डॉक्टरांनी माणिकला उठवून काट्यावर उभं केलं. ती उभी राहिली. त्यांनी आकडा बघितला, जुना कागद काढला, परत आकडा बघितला.

"चोवीस होती. एकोणीस भरतेय." ते म्हणाले. "भूक कमी होते या औषधाने, पण इतकी नाही. दिवसाला दोनच देत होतात ना?"

"दोनच," मी म्हटलं. "सकाळी निघायच्या आधी एक आणि रात्री जेवताना एक. माझ्या हाताने."

त्यांनी दुसरी बाटली मागितली आणि ट्रेमध्ये ओतली. काळपट, आतलं दिसत नाही अशी एकशेवीस गोळ्यांची बाटली, चौऱ्याऐंशी जायच्या, छत्तीस उरायच्या. मला मोजायची गरज पडली नाही. ट्रेमध्ये चार होत्या.

मग दशरथ म्हणाले, "दुपारची मी द्यायचो."

मी त्यांच्याकडे वळले.

"रोज नाही. अगदीच जमलं नाही त्या दिवशी एक." ते माझ्याकडे न बघता डॉक्टरांना सांगत होते, साहेबाला रिपोर्ट द्यावा तसं. "आधी आठवड्याला दोन-तीन. नंतर जास्त."

"का?" डॉक्टरांनी विचारलं.

"झोपायला."

तेवढंच म्हणाले. मी म्हटलं, "अहो, कळतंय का काय बोलताय? तुम्हाला झोप हवी म्हणून पोरीला औषध?" माझा आवाज चढला, बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली. "पाच किलो उतरली ती. पाच किलो. मी म्हणतेय जेवत का नाही, आणि तुम्ही रोज समोर बसून मला सांगताय, येईल भूक."

मग ते माझ्याकडे वळले आणि गावच्या बोलीत बोलले, जे ते चारचौघांत कधी बोलत नाहीत. "रत्ना, माका नीज नाय गो. चार वर्सां झाली. रात्री जागो, दिवसा जागो. गेल्या महिन्यात गेटार उभ्यान झोपलंय नि टरक अंगार इलो. तुका सांगूक नाय."

ट्रक अंगावर आला होता आणि मला सांगितलं नव्हतं. एका सकाळी किती धक्के खायचे माणसाने, त्याला काही मर्यादा?

डॉक्टरांनी माणिकच्या फायलीवर लाल पेन्सिलने फुली मारली. जादा डोस झाल्यामुळे तिची नोंद आता धरता येणार नाही, म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून बसले. रागावले नाहीत, ते जास्त लागलं.

"अभ्यास संपला तुमच्यापुरता," ते म्हणाले. "पण औषध मी देऊ शकतो. योग्य डोस, दर शनिवारी वजन. जादा दिल्यामुळे ती इतकी मंदावली असेल. बरोबर दिलं तर काय होईल ते आपल्याला अजून माहीतच नाही."

"आणि बरी होईल?" मी विचारलं. "बरी म्हणजे नेमकी कशी होईल, ते तरी सांगा."

"ते मला माहीत नाही." त्यांनी माणिकचा डावा हात हळूच उचलून माझ्यासमोर धरला. गुलाबी कातडं. "पण हे बघा. हाडापर्यंत चावत होती. दुखत नसेल तिला? हे बरं झालं ते तर खरं ना?"

ते खरं होतं, आजही आहे. पण संतापलेल्या माणसाला खऱ्याशी काय देणंघेणं? मी म्हटलं, "नको. गोळी माझ्या हातून जाते, आणि मी देणार नाही. हसणारी पोर घालवून मला असलं बरं करायचं नाही."

दशरथ म्हणाले, "घरी दिवसभर कोण असतं?"

"मी राहीन. मग तर झालं?"

सोमवारी मी महिन्याची बिनपगारी रजा टाकली. ठरलं असं की सकाळी आल्यावर दशरथ शकुवहिनीच्या खोलीत झोपतील आणि माणिककडे मी बघेन. माझ्या मनात झाकणं होती. म्हटलं, एक तास बसलो तर ती बोलली, मी आता दिवसभर बसणार आहे.

तीन दिवस ती तशीच मंद होती. चौथ्या दिवशी भात मागितला, म्हणजे माझा हात धरून पातेल्यापाशी नेला. मी देवाला हात जोडले. पाचव्या दिवशी सकाळी नऊला ती ओरडायला लागली.

शिट्टी नव्हती, रेडिओ नव्हता. काहीच नव्हतं. नऊपासून साडेअकरापर्यंत. मी झाकण फिरवलं, तिने ते लाथाडलं. जवळ घेतलं, तिने डोकं माझ्या हनुवटीवर आपटलं. मग हात चावला, जुन्या जागीच, आणि गुलाबी कातडं पहिल्याच चाव्यात फाटलं. मी तिच्या दातांमध्ये माझा हात घातला, की तिचा वाचेल. माझ्या हातावर अजून चार काळे डाग आहेत. दुपारी तासभर शांत, मग परत. सहावा दिवस तसाच. सातवा त्याहून वाईट. आमच्या आणि शकुवहिनीच्या खोलीमध्ये एक पत्रा आहे फक्त. त्या पत्र्यापलीकडे दशरथ झोपलेले नाहीत हे मला त्यांच्या कूस बदलण्यावरून कळायचं.

संध्याकाळची माणिक मला माहीत होती. दिवसाची नव्हती. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी घर सोडायची आणि तीननंतर यायची, आणि मला वाटायचं की मी या पोरीची आई असल्यामुळे मला सगळं कळतं. दशरथांनी चार वर्षं हे एकट्याने काढलं आणि संध्याकाळी सहाला तोंड धुऊन तक्त्यासमोर येऊन बसले. मी डॉक्टरांच्या खोलीत त्यांना काय काय बोलले ते आठवून माझाच कान धरावासा वाटला.

आठव्या दिवशी, दुपारी एकच्या सुमाराला, ते शकुवहिनीच्या खोलीतून उठून आले. डोळे लाल, दाढी वाढलेली. माणिक कोपऱ्यात ओरडत होती. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात ठेवली.

"काय हे?"

"गोळ्या. पाच आहेत. बाटली परत द्यायच्या आदल्या दिवशी काढून ठेवल्या होत्या." मग म्हणाले, "तुझ्याकडे ठेव नाहीतर मोरीत टाक. माझ्याकडे राहिल्या तर मी देईन. माझा मला भरवसा नाही."

हे सांगायला माणसाला केवढी छाती लागली असेल. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण मी नुसती मान हलवली आणि पुडी घेऊन मोरीकडे गेले. ते परत पलीकडे गेले.

मोरीत उभी राहून मी पुडी उघडली. पाच गोळ्या, एकाही गोळीची कड उडालेली नाही. पाण्याची बादली भरलेली होती. एक तांब्या ओतला असता की संपलं. मागे माणिकचा आवाज चालूच होता, आणि मग तो दबला, म्हणजे हात तोंडात गेला. मी किती वेळ उभी होते ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की मी पुडी पुन्हा नीट घडी घालून बंद केली, आत आले आणि रव्याच्या डब्यात तळाशी खुपसली. मग जाऊन माणिकचा हात तिच्या तोंडातून सोडवला.

आज अकरावा दिवस. काल संध्याकाळी तिने झाकण हातात घेतलं होतं, फिरवलं नाही. आज सकाळपासून पुन्हा ओरडतेय.

ड्युटीला निघताना दशरथांनी दारात थांबून विचारलं, "टाकलंस ना गो ते?"

मी म्हटलं, "टाकलं."